व्याज उतरलं, महागाई उतरली, मग घर का उतरत नाही?

वाकडवासी | शनिवार, ६ डिसेंबर २०२५, रात्री ११.१०

काल रिझर्व्ह बँकेनं रेपो दर (बँकांना ती ज्या व्याजानं पैसे देते तो) पाव टक्क्यानं कापून ५.२५ वर आणला. फेब्रुवारीपासून धरलं तर सव्वा टक्का उतरला. ऑक्टोबरची किरकोळ महागाई ०.२५ टक्के. सकाळपासून तीन साइटच्या सेल्सवाल्यांचे फोन आले, 'सर, हीच वेळ आहे'. म्हणून हा धागा. रडगाणं आहे, आधीच सांगून ठेवतो.

मे २०२२ मध्ये पुण्याजवळ पुनावळ्यात एक टू बीएचके बघितला होता. नववा मजला, गॅलरीतून हायवे दिसायचा. ६२ लाख. त्याच आठवड्यात, ४ मे ला, रिझर्व्ह बँकेनं ठरलेल्या बैठकीचीही वाट न बघता दर ४ वरून ४.४० केला. बायको म्हणाली, घेऊन टाकू. मी शहाणा! म्हटलं थांब, व्याज वाढतंय म्हणजे गिऱ्हाईक पळणार, बिल्डर गुडघ्यावर येणार. वर्षभरात पन्नासला मिळेल.

आज त्याच बिल्डिंगच्या शेजारच्या विंगमध्ये तसाच फ्लॅट ८४ लाख. हिशोब वहीत मांडलाय:

तेव्हा ५० लाख कर्ज काढलं असतं. वर्षअखेरीच्या साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी, हप्ता ४३,३९१.
आता ६७ लाख काढावं लागेल. बँक साडेसात सांगतेय. हप्ता ५३,९७५. शिवाय स्वतःचे १२ लाख लागत होते तिथे आता १७.

म्हणजे व्याज एक टक्क्यानं स्वस्त आणि हप्ता साडेदहा हजारांनी महाग. ६७ लाखांवर जुना हप्ता बसवायचा तर व्याज पावणेपाच टक्के हवं. बँकेला रिझर्व्ह बँकेकडून ५.२५ नं पैसे मिळतात, ती मला पावणेपाचनं का देईल?

मधल्या काळात घरभाडं १९ हजारांवरून २८ हजारांवर गेलं ते वेगळंच. तर प्रश्न साधा आहे. माझं चुकलं कुठे?

---

खडूस | रात्री ११.२४

बायकोचं ऐकलं नाही तिथे. धागा बंद करा.

---

कर्जबाजीराव | रात्री ११.५२

वाकडवासी, तुम्ही घेतला नाहीत म्हणून रडताय. मी घेतला. आता माझं ऐका.

डिसेंबर २०२१. ४० लाख, फ्लोटिंग (म्हणजे व्याज खालीवर होत राहणार), ६.७५ टक्के, २४० महिने. हप्ता ३०,४१५. पहिल्या हप्त्यात मुद्दलात ७,९१५ गेले होते. ऑफिसात पेढे वाटले, आयुष्यात इतकं स्वस्त कर्ज पुन्हा मिळणार नाही म्हणून. (ते मात्र खरं ठरलं.)

मग मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो अडीच टक्के चढला. माझा हप्ता मात्र तेवढाच. मला वाटलं आपण सुटलो. एप्रिल २०२३ मध्ये सहज बँकेचं अ‍ॅप उघडलं. हप्ता ३०,४१५. त्यातलं व्याज ३०,२७१. मुद्दल १४४.

एकशे चव्वेचाळीस रुपये. त्या महिन्यात आम्ही वडापाव जास्त रुपयांचे खाल्ले असतील. खाली लिहिलेलं, उर्वरित मुदत ६९७ महिने. भागून बघितलं तर ५८ वर्षं. माझं वय तेव्हा ३४.

बँकेनं ना फोन केला ना विचारलं. हप्ता तोच ठेवून मुदत ताणली, बस. शाखेत गेलो तर म्हणे, 'कस्टमरला त्रास नको म्हणून हप्ता वाढवत नाही.' मूळ मुदतीत संपवायचं तर हप्ता ३६,८१२ पडत होता. सहा हजार चारशे जास्त. वाढवून घेतला. दोन वर्षं घरात कुणी 'गोवा' शब्द उच्चारला नाही.

---

निवृत्त_काउंटर | रविवार, ७ डिसेंबर, सकाळी ७.०५

बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली ११ कर्ज विभागात, म्हणून थोडं लिहितो.

कर्जबाजीरावांच्या बाबतीत झालं ते तेव्हा सर्रास चालायचं. हप्ता वाढवला की गिऱ्हाईक ओरडतं, मुदत वाढवली तर त्याला कळतच नाही. अशा तक्रारी साठल्यावर रिझर्व्ह बँकेनं १८ ऑगस्ट २०२३ ला परिपत्रक काढलं. व्याज बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडंथोडं, हे कर्जदाराला विचारायचं. फिक्स्ड दराकडे जायचा पर्यायही तेव्हा द्यावाच लागायचा, ऑक्टोबर २०२५ पासून ते बँकेच्या मर्जीवर आहे. आणि मुदत वाढवताना हप्त्यातून निदान व्याज तरी फिटलंच पाहिजे, कर्ज फुगता कामा नये. कर्जबाजीराव, तुम्ही १४४ रुपयांनी वाचलात. तुमच्यानंतर दोन-तीन महिन्यांनी त्याच दरानं कर्ज काढून हप्ता तोच ठेवणाऱ्याचं मुद्दल उलटं चढू लागलं असतं.

आता तुमचं कर्ज कुठल्या पट्टीला बांधलंय ते सॅन्क्शन लेटर काढून बघा. आधी पीएलआर होता, जुलै २०१० पासून बेस रेट, एप्रिल २०१६ पासून एमसीएलआर (हे तिन्ही दर बँक स्वतःच ठरवायची), आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांच्या नव्या फ्लोटिंग गृहकर्जांना बाहेरचा बेंचमार्क, म्हणजे बहुतेक ठिकाणी रेपो. रेपोवाल्यांचा दर तीन महिन्यांत एकदा तरी बदलावाच लागतो. एमसीएलआरवाल्यांचा वर चटकन चढायचा आणि उतरताना चपला शोधत बसायचा. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना हा रेपोचा नियम लागू नाही, त्यांचा स्वतःचा पीएलआर असतो. शेजारी शेजारी राहणाऱ्या दोघांना एकाच महिन्यात वेगळा दर का, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं.

दुसरी गोष्ट, रेपोच्या वर बँक जो स्प्रेड लावते त्याकडे कुणी बघत नाही. नव्या गिऱ्हाइकाला ओढायला तो कमी करतात, जुन्याला जुनाच. कर्जबाजीराव, तुमचा दर आता किती?

---

कर्जबाजीराव | सकाळी ७.४०

काका, ९.२५ मधून सव्वा टक्का उतरून जानेवारीच्या रीसेटला आठ होईल.

---

निवृत्त_काउंटर | सकाळी ७.५५

आणि वाकडवासींना तीच बाजारपेठ साडेसात देतेय. चार वर्षं एकही हप्ता न चुकवता तुम्ही अर्धा टक्का जास्त भरताय. सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) चांगला असेल तर लेखी अर्ज करा, स्प्रेड कमी करा नाहीतर बॅलन्स ट्रान्सफर करतो, म्हणजे कर्ज दुसऱ्या बँकेत नेतो, म्हणावं. फ्लोटिंग गृहकर्ज वैयक्तिक असेल तर मुदतीआधी फेडण्यावर दंड लावता येत नाही. थोडी कन्व्हर्जन फी मागतील, ती द्या, काही महिन्यांत वसूल होते.

---

सळई_सिमेंट | सकाळी ९.३०

मूळ प्रश्नाकडे येऊ. मी साइटवर बिलिंग आणि क्वांटिटी बघते, बिल्डरची भाची वगैरे नाही.

सेल्स ऑफिसात 'मॅडम, स्टील केवढं महागलंय' हे वाक्य रोज कानावर पडतं. युक्रेन युद्धानंतर एप्रिल २०२२ च्या सुमारास सळई किलोला सत्तरीच्या पुढे गेली होती हे खरं. कोविडच्या पहिल्या वर्षाच्या मानानं पंचवीस-तीस रुपये जास्त धरा. उंच इमारतीला चौरस फुटाला चार-पाच किलो सळई लागते. म्हणजे फुटामागे शंभर-दीडशे रुपये. त्या काळात आमच्याच साइटचा दर फुटाला सोळाशेनं वाढला. पुढे मे २०२२ मध्ये सरकारनं स्टीलवर निर्यात शुल्क लावलं, सळई खाली आली. रेट कार्ड खाली आलेलं कुणी बघितलंय?

आत्ता २२ सप्टेंबरला सिमेंटचा जीएसटी २८ वरून १८ झाला. पोत्यामागे तीसेक रुपये वाचले, फुटाला जेमतेम अर्धं पोतं लागतं. तुमच्या फ्लॅटच्या फुटामागे बारा-पंधरा रुपये. त्याची जाहिरात मात्र हायवेवर चाळीस फुटी.

खरा भार जमिनीचा, एफएसआयच्या (जादा बांधकामाच्या परवानगीच्या) प्रीमियमचा आणि बिल्डरच्या स्वतःच्या कर्जाचा. जमीन घेताना त्याला रेपोशी बांधलेलं साडेसातचं कर्ज कुणी देत नाही. तो खाजगी वित्तसंस्थांकडून पंधरा-अठरा टक्क्यांनी उचलतो. त्याचा दर पाव टक्क्यानं हलला तर तो भाव उतरवणार नाही, पण विक्री अडली तर मात्र त्याला घाम फुटतो. म्हणून रेट न तोडता मॉड्युलर किचन देतो, पार्किंग देतो, पझेशनपर्यंतचं व्याज स्वतः भरतो. छापील दर पाडला तर आधीचे दोनशे ग्राहक गेटवर उभे राहतील ना.

---

कटिंग_चहा | सकाळी १०.१५

सळई_सिमेंट यांच्याशी सहमत, फक्त अर्धी बाजू राहिली. ती गिऱ्हाइकाची.

महिना ४०,००० हप्ता झेपणारा माणूस घ्या, २० वर्षांसाठी. व्याज ९ टक्के असताना त्याला साधारण साडेचव्वेचाळीस लाख कर्ज मिळतं. साडेसात झालं की तेवढ्याच हप्त्यात साडेएकोणपन्नास. पगार तोच, माणूस तोच, खिशात पाच लाखांची ताकद वाढली. आता ही ताकद एकट्या वाकडवासींना मिळाली असती तर मजा होती. ती हिंजवडीच्या आयटीवाल्यांच्या सगळ्या बसला एकाच दिवशी मिळते. विकणाऱ्यालाही ती दिसते. मग पाच लाख कुणाच्या खिशात जाणार?

आणि एक गंमत. आपण 'महागाई उतरली' म्हणतो त्या आकड्यात घराची किंमत नसतेच! २०१२ पायाभूत वर्षाच्या किरकोळ निर्देशांकात घर या गटाचा भार १०.०७ टक्के, आणि त्यातही मोजतात ते मुख्यतः भाडं. खाण्यापिण्याचा भार जवळजवळ ४६ टक्के. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोनं महागाई ७.४४ वर नेली होती, आठवतंय? रेपो ६.५० वरून खाली यायला फेब्रुवारी २०२५ उजाडलं, त्यात भाजीबाजाराचा मोठा हात. ऑक्टोबरचा पाव टक्काही बराचसा भाज्या पडल्यामुळे. तुमचा हप्ता नारायणगावच्या टोमॅटोवर ठरतो आणि तुमचा फ्लॅट कशावरच ठरत नाही.

---

वाकडवासी | सकाळी १०.२२

महागाई पाव टक्का आणि माझा घरमालक अकरा महिन्यांनी दहा टक्के मागतोय. त्याला हा निर्देशांक छापून देऊ का?

---

कटिंग_चहा | सकाळी १०.३१

देऊन बघा. डिपॉझिट परत मिळेल.

अजून एक, जे कुणाला आवडणार नाही. आजचं कर्ज स्वस्त नाहीये. एप्रिल २०२२ मध्ये महागाई ७.७९ होती आणि कर्जबाजीरावांचं व्याज ६.७५. म्हणजे त्या महिन्यात पैशाची किंमत व्याजापेक्षा वेगानं झिजत होती, बँकच तोट्यात. आज महागाई पाव टक्का, व्याज साडेसात. वजा करा. सव्वासात टक्के खरंखुरं व्याज. भाज्या पुन्हा चढतील तेव्हा चित्र बदलेल, पण 'आता कर्ज स्वस्त झालं' हे सेल्सवाल्याचं वाक्य आहे.

---

खडूस | सकाळी १०.४०

म्हणजे कर्ज महाग होतं तेव्हा स्वस्त होतं आणि स्वस्त आहे तेव्हा महाग आहे. अर्थशास्त्र झिंदाबाद.

---

गोदाकाठची | दुपारी २.१५

इथे सगळे 'घराचे भाव कधी पडत नाहीत' असं धरून चाललेत म्हणून नाशिकहून लिहिते. पडतात, फक्त आवाज होत नाही.

२०१३ मध्ये पाथर्डी फाट्याजवळ गुंतवणूक म्हणून ३२ लाखांचा फ्लॅट घेतला. सगळे घेत होते. मग नोटाबंदी, मग रेरा, मग जीएसटी. प्रत्येक दिवाळीला एजंटला फोन करायचो, 'ताई, एवढ्यात नको, मार्केट थंड आहे.' शेवटी डिसेंबर २०२० मध्ये ३५ लाखांना विकला. तोही कशामुळे, तर राज्य सरकारनं मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सूट दिली होती ती ३१ डिसेंबरनंतर दोनच टक्के राहणार होती, म्हणून. घेणाऱ्याला घाई. सबरजिस्ट्रारच्या ऑफिसबाहेर मास्क लावून रात्री साडेआठपर्यंत उभे होतो. जिन्यावर रांग, शिपाई ओरडतोय 'अंतर ठेवा', आणि अंतर ठेवायला जागा कुठे.

सासूबाई म्हणाल्या, तीन लाख फायदा झाला. सात वर्षांत महागाई सरासरी पाच टक्के धरली तरी ३२ चे ४५ व्हायला हवे होते. दहा लाख कुठे गेले? कुणी नेले नाहीत, कुठे वाचायलाही मिळाले नाहीत. सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी धरलीच नाहीये.

वाकडवासी, तुम्ही २०१४ मध्ये 'थांबू' म्हणाला असतात तर बायकोसमोर हिरो झाला असतात. तेव्हा वाट बघणाऱ्यांचं बरोबर निघालं.

---

निवृत्त_काउंटर | दुपारी ४.००

फार चांगला प्रतिसाद. याचीच उलटी बाजू सांगतो. माझं उदाहरण देत नाही, आम्हा बँकवाल्यांना कर्ज सवलतीत असायचं. मेहुण्याचं देतो.

१९९५, पिंपरीच्या कारखान्यात नोकरी, पगार साडेसात हजार. कोथरूडला वन बीएचके घेतला. अडीच लाख कर्ज, १५ टक्के व्याज, १५ वर्षं, हप्ता ३,४९९. घरात सहा महिने कोणी त्याच्याशी धड बोलत नव्हतं, निम्मा पगार कर्जात घालतो म्हणून. पण हप्ता होता फिक्स्ड. २००५ ला पगार २६ हजार, हप्ता तेच ३,४९९. शेवटची पाच वर्षं तो हप्ता दुधाच्या बिलासारखा जायचा. अर्धं कर्ज त्यानं फेडलं, उरलेलं महागाईनं.

---

कर्जबाजीराव | दुपारी ४.१८

काका, आदर आहे, पण ते गणित पगारवाढीवर उभं होतं. आमच्याकडे यंदा पाच टक्के दिली, त्यातही 'मार्केट बघता समाधान माना' असं पत्र. शेजारच्या टीममधल्या चौघांना तेही नाही, खुर्चीच गेली. हप्ता झिजायला पगार फुगावा लागतो.

---

निवृत्त_काउंटर | दुपारी ४.३०

मान्य. म्हणूनच हप्ता हातात पडणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे नको. माझ्या काळात निम्मा चालून गेला, आता चालणार नाही.

---

मिसिसागाकर | रात्री ९.५०

कॅनडातून. वाकडवासी, तुमची २०२२ ची थिअरी चूक नव्हती. देश चुकला.

इथे बँक ऑफ कॅनडानं मार्च २०२२ ते जुलै २०२३ मध्ये दर पाव टक्क्यावरून पाच टक्क्यांवर नेला. आम्ही फेब्रुवारी २०२२ मध्ये, बरोब्बर शिखरावर, टाउनहाउस घेतलं. अकरा बोल्या लागल्या होत्या, आम्ही जिंकलो. असं जिंकू नये. वर्षभरात शेजारचं तसलंच घर दीड लाख डॉलर कमीला गेलं. भाव खरोखर पडले, कारण इथे कॉन्डो (म्हणजे आपले फ्लॅट) घेणाऱ्यांत भाड्यावर हप्ता भागवणारे गुंतवणूकदार भरपूर होते. हप्ता भाड्याच्या वर गेला आणि सगळे एकदम दाराकडे धावले.

आता गंमत बघा. दर परत २.२५ वर आलाय, पण टोरांटो भागात भाव काही उसळलेले नाहीत. शिल्लक कॉन्डो खूप, नोकऱ्यांची धास्ती. त्यामुळे 'व्याज उतरलं की भाव चढतो' हा पण नियम नाही. इथे कर्ज पाच-पाच वर्षांच्या टर्मनं रिन्यू होतं. आमचं फेब्रुवारी २०२७ ला आहे. नवरा आत्तापासून रात्री उठून आकडेमोड करतो.

---

एडिसनकर | रात्री १०.३०

न्यू जर्सीचा तिसराच प्रकार. इथे ३० वर्षांचा दर कायमचा बांधलेला. जानेवारी २०२१ मध्ये सरासरी २.६५ पर्यंत गेला होता, ऑक्टोबर २०२३ ला ७.७९. माझं पावणेतीननं आहे. मुलं मोठी झाली, एक खोली जास्त हवी, पण घर बदललं की पावणेतीनचं कर्ज सोडून दुपटीहून जास्त व्याजाचं घ्यायचं. कोण सोडेल? माझ्यासारखे लाखो जण घराला चिकटलेत, विक्रीला घरं कमी, म्हणून व्याज चढूनही भाव पडले नाहीत. सोन्याचा पिंजरा म्हणतात तो हा. बाथरूम मात्र एकच.

---

सळई_सिमेंट | रात्री १०.५५

म्हणजे कॅनडात विकणारे घाबरले, अमेरिकेत विकणारे विकेचनात, आणि आपल्याकडे विकणाऱ्या बिल्डरनं दर तसाच ठेवून किचन दिलं. व्याज तिन्हीकडे चढलं होतं.

वाकडवासी, आता ऐका. बिल्डरच्या रेट कार्डाशी भांडू नका. तुमच्या त्याच बिल्डिंगमध्ये २०२२ ला गुंतवणूक म्हणून घेतलेले लोक असणार. ताबा मिळालाय, मेंटेनन्स सुरू झालाय, भाडं हप्त्याच्या निम्मंही येत नाही. त्यांच्याशी बोला. तिथे भाव करता येतो. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेल्या घरावर जीएसटी नाही, अंडर कन्स्ट्रक्शनला पाच टक्के. आणि घर एकट्या बायकोच्या नावावर केलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट.

---

खडूस | रात्री ११.०२

एक टक्का नाही, ते प्रायश्चित्त.

---

वाकडवासी | रविवार, २१ डिसेंबर, रात्री ८.४५

धागा वर काढतो. सळई_सिमेंट, तुमचं ऐकून शनिवारी एजंट न घेता सोसायटीच्या वॉचमनला गाठलं. विक्रीला तीन फ्लॅट निघाले. त्यातला एक नवव्या मजल्यावर. तोच! मालक बंगळुरूला, दीड वर्ष घर रिकामं, मोठ्या आवाजात ८४ म्हणाला, अर्ध्या तासानं ७९ वर आला, आज सकाळी फोनवर ७८. आमचे १६ टाकून ६२ लाख कर्ज, साडेसातनं हप्ता ४९,९४७. स्टॅम्प ड्युटीचं वेगळं जमवतोय. काकांच्या तिसऱ्या हिश्श्यात दोघांचा पगार धरला तर बसतं, एकाचा धरला तर नाही.

बायको गॅलरीत जाऊन आली आणि म्हणाली, हायवे कुठे गेला? समोर बावीस मजली टॉवर उभा राहिलाय. हायवे नाही, नुसते हॉर्न ऐकू येतात.

---

निवृत्त_काउंटर | रात्री ९.०५

टोकन देण्याआधी ओसी, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि मालकाच्या बँकेचं थकबाकीचं पत्र बघा. त्याचं कर्ज चालू असणार.

---

वाकडवासी | रात्री ९.१२

ओसी बघितलं. पत्र मंगळवारी येतंय.

---

कर्जबाजीराव | रात्री ९.२०

अभिनंदन आधीच करून ठेवतो. माझंही झालं, अर्ज दिल्यावर बँक ७.६५ वर आली. अवांतर, त्या समोरच्या टॉवरमध्ये भाव काय चाललाय?

---

वाकडवासी | रात्री ९.२६

विचारला. सांगत नाहीत. आधी साइट व्हिजिटला या म्हणतात, नाश्ता आहे.